‘कंटिन्युअस’ हा इंग्रजी शब्द अचूक कसा वापरावा

‘कंटिन्युअस’ या विशेषणाचा अर्थ विचारला की ‘सतत’ असे उत्तर चटकन मिळते. ते चूक नाही, पण अपुरे आहे. कारण मराठीत सतत पडणारा पाऊसही असतो आणि सतत येणारे फोनही असतात, आणि काळजीपूर्वक लिहिलेल्या इंग्रजीत या दोहोंसाठी वेगवेगळे शब्द येतात.

म्हणून प्रथम आपल्या मनातील वाक्यातला ‘सतत’ काढून तेथे ‘सलग’ किंवा ‘अखंड’ घालून पाहावे. अर्थ जुळला तर ‘कंटिन्युअस’ योग्य आहे. ‘वारंवार’ हाच शब्द चपखल बसत असेल तर ‘कंटिन्युअल’ घ्यावा. तीन तास पाऊस थांबलाच नाही, हे ‘इट रेन्ड कंटिन्युअसली फॉर थ्री अवर्स’ असे सांगावे. कामात पुन्हा पुन्हा येणारे व्यत्यय मात्र ‘कंटिन्युअल इंटरप्शन्स’ ठरतात, कारण एक व्यत्यय संपून दुसरा येईपर्यंत मध्ये खंड पडतो. हा भेद सगळेच इंग्रजी भाषक पाळत नाहीत, तरी लेखनात तो पाळावा असे माझे स्पष्ट मत आहे. रेषा, भिंत अशा जागा व्यापणाऱ्या गोष्टींबाबत तर निवडीचा प्रश्नच नाही. तेथे ‘कंटिन्युअस’च येतो.

त्यानंतर शब्दाचे रूप तपासावे. नामाचे वर्णन असेल तर ‘कंटिन्युअस’, क्रियेचे असेल तर ‘कंटिन्युअसली’. ‘ही वर्क्ड कंटिन्युअस’ हे वाक्य अशुद्ध आहे. जे अखंड आहे ते अधिक अखंड होत नसल्याने ‘व्हेरी कंटिन्युअस’ असेही लिहू नये. मध्ये किंचित खंड पडत असेल तर ‘ऑलमोस्ट कंटिन्युअस’ लिहावे.

व्याकरणातील ‘प्रेझेंट कंटिन्युअस’, म्हणजे चालू वर्तमानकाळ, याचा विचार स्वतंत्रपणे करावा. येथे क्रिया अखंड असण्याची अट नसून ती अजून पूर्ण झालेली नसणे एवढेच अभिप्रेत असते, त्यामुळे पुस्तक मिटून ठेवलेले असतानाही ‘आय ॲम रीडिंग अ नॉव्हेल’ हे म्हणता येते. याउलट जाणणे, मानणे, मालकीचे असणे अशा स्थितिदर्शक क्रियापदांना हे रूप सहसा चालत नाही. ‘मला माहीत आहे’ यातला ‘आहे’ पाहून ‘आय ॲम नोइंग’ लिहिण्याचा मोह होतो. तेथे ‘आय नो’ एवढेच लिहावे.