हिवाळाभर भोगीची भाजी

भोगीची भाजी संक्रांतीच्या आदल्या दिवसापुरती कशाला ठेवायची? बडोद्यात दांडिया बाजारातल्या आमच्या घरी डिसेंबर लागला की ती जवळजवळ दर रविवारी होते. उत्तरायणाच्या आठवड्यात पापडीचे भाव चढतात, म्हणून त्याआधीच हौस भागवून घ्यावी.

खंडेराव मार्केटात सकाळी लवकर जा. पापडी मोडून बघा, कट्कन मोडली तरच घ्या. तुरीचे दाणे सोललेले आणू नका, शेंगा आणा आणि टीव्ही बघणाऱ्यांच्या पुढ्यात सूप ठेवा. बाकी ओला हरभरा, गाजर, लहान वांगी, मूठभर बोरं, पातीसकट हिरवा लसूण. जांभळा कंद मात्र हाताला तेल लावूनच सोला, खाज सुटते.

दोन पळ्या तेल पुरे. उंधियूवर तरंगतं तेवढं नको (शेजारच्या बेन रागावतील, पण खरं आहे). अगदी बिनतेलाचीही करू नका, गाजरातलं कॅरोटीन स्निग्धाशिवाय अंगी नीट लागत नाही. मोहरी-हिंगाच्या फोडणीत आधी दाणे, पापडी आणि कंद, झाकणावर पाणी. ते अर्धवट शिजले की वांगी, गाजर, बोरं. मग मीठ, तिखट, गूळ, चिंचेचा कोळ आणि भरपूर तिळाचं कूट. लसणाची पात गॅस बंद करताना घाला. लिंबू पानात पिळायचं: उकळलं तर 'क' जीवनसत्त्व बरंचसं जातं, आणि भाजीतलं, भाकरीतलं लोह शोषायला तेच मदत करतं. सोबत तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि लोणी.

तोंडी लावायला ओली हळद. पिवळी आणि आंबेहळद दोन्ही सोलून बारीक काड्या करा, मीठ, लिंबू, थोडी मिरपूड. फ्रिजमध्ये आठवडाभर टिकते. बोटं पिवळी होतील, त्याला इलाज नाही.

मेथी, पालक, चाकवत एक दिवसाआड करावेत. घरात कुणाला वॉरफरिन (रक्त गोठू नये म्हणून देतात ती गोळी) चालू असेल तर पालेभाजी एकदम वाढवू नका, बंदही करू नका. तिच्यातल्या 'के' जीवनसत्त्वामुळे त्या गोळीचा परिणाम कमी होतो. प्रमाण डॉक्टरांना विचारून ठरवा.

भाजी उरलीच तर दुसऱ्या दिवशी बाजरीच्या पिठात कालवून थालीपीठ लावा. कंद आणि पापडी आधी चांगली कुस्करून घ्या, नाहीतर थापताना फाटतं.