पावसाळी फवारणीआधी: हे औषध ओढ्याला किती घातक?

मावळ-मुळशीत आवणी (भाताची लावणी) झाली की खाचरातले जादा पाणी बांधावरून ओढ्यात आणि तिथून पवना, मुळेत उतरते. खाली इंदापूरकडे उजनीच्या फुगवट्यावर मासेमारांची घरे चालतात. म्हणून भातावर, भाजीवर कीटकनाशक मारण्याआधी त्याचा पाण्यातला धोका तपासायलाच हवा.

डब्यावरचा त्रिकोण हिरवा किंवा निळा आहे, म्हणून ओढा सुरक्षित, असे मुळीच नाही. हे रंग उंदरांवरच्या चाचण्यांवरून, म्हणजे माणसाच्या धोक्यावरून ठरतात. माशांचे काय, ते औषधाच्या सुरक्षा माहितीपत्रकातल्या १२व्या विभागात असते. दुकानदाराकडे मागा.

तिथे आधी एलसी-५० शोधा: ९६ तासांत निम्मे मासे मारणारे प्रमाण. आकडा जितका लहान, तितके औषध जहाल. लिटरला १ मिलिग्रॅम किंवा त्याहून कमी असेल तर ते सर्वांत घातक गटात गेले. एकक मात्र नीट वाचा. मिलिग्रॅम आणि मायक्रोग्रॅम यांत हजारपटीचा फरक आहे. माशांच्या आकड्यावरही थांबू नका. इमिडाक्लोप्रिड माशांना तुलनेने सौम्य, पण मासे ज्यांवर जगतात त्या पाण्यातल्या कीटकांना फार घातक.

लॅम्डा-सायहॅलोथ्रिन ५ ईसी या कीटकनाशकाचा (५ टक्के विष असलेले, पाण्यात मिसळायचे द्रावण) हिशेब करून पाहा. १० मिलीमध्ये अर्धा ग्रॅम विष. काही माशांसाठी त्याचा एलसी-५० लिटरला सुमारे ०.२ मायक्रोग्रॅम आहे. ३० बाय ३० बाय ३ मीटरच्या, उतरत्या बाजूंच्या शेततळ्यात साधारण २२ लाख लिटर पाणी मावते. त्यात हे १० मिली सांडून मिसळले तर प्रमाण लिटरला ०.२३ मायक्रोग्रॅम होते. म्हणजे बाटलीचे एक झाकण अख्ख्या तळ्याला पुरते! मातीच्या तळ्यात गाळ बरेचसे विष धरून ठेवतो. प्लास्टिकच्या अस्तराच्या तळ्यात गाळ कमी, म्हणून तिथे जास्त जपा.

हे औषध मातीला घट्ट चिकटते आणि गढूळ पाण्याबरोबर वाहते. बांधावरचे गवत खरवडू नका, तेच गाळ अडवते. ओढ्याकडची कडेची पट्टी फवारणीविना सोडा. वारा पाण्याकडे वाहत असेल किंवा २४ तासांत जोराच्या पावसाचा अंदाज असेल तर थांबा. भातात फवारणीआधीच खाचरातली पातळी थोडी उतरवा, म्हणजे नंतरच्या सरीला जागा राहते. मग आठवडाभर तरी पाणी बाहेर सोडू नका. मोरचूदचा (कॉपर सल्फेट) धोका वेगळा: तांबे कुजत नाही, दरवर्षी गाळात साठत जाते.

अनेकदा मोठा घात फवारणीत नव्हे, पंप भरताना आणि धुताना होतो. विहिरीवरून टाकी भरताना पाइपाचे तोंड द्रावणात बुडवू नका. मोटर थांबली की द्रावण उलटे विहिरीत ओढले जाते. रिकामी बाटली पाव भरून ३० सेकंद हलवा, पाणी पंपातच ओता; असे तीनदा. पंपाचे धुवण त्याच पिकावर फवारून संपवा, ओढ्यावर कधीच धुऊ नका.

तळ्यात पहाटे मासे वर येऊन तोंड मारत असतील आणि ऊन चढल्यावर सावरत असतील, तर बहुधा प्राणवायू कमी आहे. दिवसभर वेडेवाकडे पोहत असतील, पाणकिडे आणि झिंगेही मेलेले दिसत असतील, तर विषाचा संशय धरा. ते मासे खाऊ नका, विकू नका. जनावरांना ते पाणी पाजू नका, आणि स्वच्छ काचेच्या बाटलीत नमुना भरून, गार व अंधारात ठेवून, त्याच दिवशी मत्स्यव्यवसाय कार्यालयाला कळवा.