बर्फाखाली माशी बुडेना, तेव्हा

अमेरिकेतल्या मिनेसोटात गोठलेल्या तळ्यावर कृत्रिम माशीने मासे धरायची मला फार हौस. पण पिसं नि दोरा गुंडाळलेली ती हलकी माशी बारा फूट खाली जायलाच तयार नव्हती. बर्फाला पाडलेल्या भोकातच घुटमळायची, थंडीने ताठरलेल्या दोरीचे वेटोळे काही सुटायचे नाहीत.

शेवटी दोरीच्या टोकाला बिनगळाचं टंगस्टनचं वजन बांधलं आणि वीतभर वर, बोटभर लांबीच्या आडव्या फाट्यावर माशी. दोरी ताणली गेली, माशी मात्र मोकळी! माशीही बदलली: चिलटाच्या लाल अळीसारखी, तांदळाच्या दाण्याएवढी. तळाच्या चिखलात हिवाळाभर ह्याच अळ्या असतात, ब्लूगिल नावाचा तळ्यातला मासा त्या खातो. काठी सारखी झटकणंही सोडलं, नुसती धरून बसलो. टोक जेमतेम थरथरलं. वर आला तो तळहाताएवढा ब्लूगिल, ओठाच्या कडेला लाल ठिपका रुतलेला.