बीबी का मकबरा पाहायला जाताय? या चुका टाळा

छत्रपती संभाजीनगरच्या मकबऱ्यात पाऊल टाकताच बहुतेकांच्या तोंडून एकच वाक्य निघतं, "अगदी ताजसारखा, फक्त लहान!" पहिली चूक इथेच होते, कारण त्यानंतर नजर फक्त उणिवा शोधत फिरते.

साम्य आहेच. दारावरच्या लेखात वास्तुकार अताउल्ला आणि अभियंता हंसपत राय यांची नावं आहेत, आणि अताउल्ला हा ताजचे वास्तुकार उस्ताद अहमद लाहोरी यांचा मुलगा. पण मांडणी बघा. ताजमध्ये कबरीची इमारत बागेच्या टोकाला, यमुनेकाठी आहे. इथे ती चारबागेच्या मधोमध आहे, दिल्लीच्या हुमायूनच्या मकबऱ्यासारखी. चारबाग म्हणजे जन्नतीची बाग, चार भागांत वाटलेली. तिच्या हृदयात राणीला, औरंगजेबाच्या बेगम दिलरस बानूंना, ठेवलंय. दारातून फोटो काढून परत फिरलात तर हे कळत नाही. चबुतऱ्याला एक पूर्ण फेरी मारा.

फेरी मारताना पश्चिमेला मशीद लागेल. ती मूळ आराखड्यातली समजू नका, नंतरची भर आहे. ताजमध्ये मशिदीच्या समोर तसाच मेहमानखाना उभारून तोल सांभाळलाय. इथे पूर्वेला तसं काहीच नाही.

"औरंगजेबाच्या मुलानं, आझमशाहानं, आईसाठी बांधला" ही गोष्ट सगळ्यांनाच आवडते, मलाही लहानपणी आवडायची. साधा हिशोब करून पाहा. आझमशाहाचा जन्म १६५३चा, दिलरस बानू बेगम वारल्या १६५७ साली आणि मकबरा उभा राहिला १६६०-६१च्या सुमारास. सात-आठ वर्षांचं पोर असं काम काढत नाही. बांधकाम औरंगजेबाच्या हुकमानं झालं, असं मानणं जास्त पटतं. बेगमेला मरणोत्तर 'राबिया-उद-दौरानी', म्हणजे आपल्या काळची राबिया, असा किताब मिळाला. ही राबिया म्हणजे बसऱ्याची सूफी संत. मकबऱ्याकडे प्रेमाची निशाणी म्हणून पाहणाऱ्यांनी या नावातली भक्ती विसरू नये.

आता भिंतीजवळ जा. खालचा पट्टा संगमरवराचा, त्यावर घुमटाच्या बुडापर्यंत दगडी बांधकामावर चुन्याचा गिलावा, आणि घुमट पुन्हा संगमरवरी. हा गिलावा म्हणजे "पैसे संपले" असं सांगून लोक पुढे सरकतात आणि त्यातली नक्षी बघतच नाहीत. संगमरवर जिथे संपतो त्या रेषेपाशी दोन मिनिटं थांबा. वरच्या गिलाव्यात पानंफुलं, वेली उठावात काढल्यात. तिरपं ऊन पडलं की एकेका पाकळीची कड सावलीनं उठून दिसते. मुख्य दाराच्या पितळी पत्र्यांवरची वेलबुट्टीही गर्दीत अशीच सुटते. हात मात्र कशालाच लावू नका.

सगळ्यात मोठी चूक आत गेल्यावर होते. लोक समोर कबर शोधतात. ताजमध्ये वर दिसतात त्या नुसत्या प्रतिकृती, खऱ्या कबरी तळघरात. इथे वर प्रतिकृतीच नाही. कठड्याशी उभं राहून खाली पाहायचं, आणि खाली संगमरवरी अष्टकोनी जाळीच्या आत कपड्यानं झाकलेली खरी कबर दिसते. या परंपरेत जन्नतीला आठ दरवाजे मानतात, अष्टकोन पाहताना ते आठवावं. खाली बघायचं तर बादशहा असो की वाटसरू, कठड्याशी मान झुकवावीच लागते. तिथे बरेच जण वरून नाणी टाकतात. तेवढं करू नका, ती कोणाच्या तरी आईची कबर आहे.