अर्गोनॉमिक्सचा प्रोजेक्ट करताय? या चुका टाळा

दर वर्षी परीक्षेच्या हंगामात मी इंजिनिअरिंगच्या मुलांच्या प्रोजेक्ट व्हायव्हाला बाहेरचा परीक्षक म्हणून बसतो. अर्गोनॉमिक्स, म्हणजे काम माणसाच्या शरीराला जुळवण्याचं शास्त्र, घेतलेला एक तरी ग्रुप असतोच, कारण हा विषय सोपा अशी हॉस्टेलांमध्ये जुनी अफवा आहे. मशीन बनवायचं नाही, हात काळे करायचे नाहीत. चार फोटो, एक एक्सेल शीट, झालं. मग रिपोर्ट उघडला की तेच ते.

मापं हॉस्टेलातल्या पोरांची, टेबल कारखान्यातल्या बायकांचं

ही चूक मी स्वतः केली आहे, म्हणून हिच्यावर जास्त बोलणार.

फायनल इयरला भोसरीच्या एका छोट्या कारखान्यात आम्हाला वायरिंग जोडणीचं टेबल सुधारायचं होतं. बायका उभ्यानं काम करायच्या, टेबल फार खाली, दिवसभर माना वाकलेल्या. निदान बरोबर होतं. पण मापं घ्यायला बस बदलून पुन्हा कोण जाणार? हॉस्टेलातली वीस पोरं भिंतीशी उभी केली, जमिनीपासून कोपराची उंची मोजली, सरासरी आली 105 सेंमी. हलक्या जोडणीला टेबल कोपराच्या 10 ते 15 सेंमी खाली हवं, हे वाचलेलं होतं. 105 वजा 10, टेबल 95 चं. सरांनी पाठ थोपटली.

टेबल बसवून आठ दिवसांनी गेलो, तर एक मावशी प्लॅस्टिकचा क्रेट पालथा घालून त्यावर उभ्या. मला बघून म्हणाल्या, "बाळा, टेबल झ्याक झालंय. आता त्याला एक पाट पण दे करून." अख्खी लाइन हसली. मग टेप काढला. त्या बायकांचे कोपर 92 ते 96 च्या दरम्यान. त्यात टेबलावर 12 सेंमी उंचीचं फिक्श्चर, म्हणजे जोडणीचा भाग धरून ठेवणारा साचा, बसतं, म्हणजे हात चालतात 107 वर. आम्ही टेबलाची उंची काढली होती. कामाची उंची कुणी मोजलीच नव्हती. खांदे वर चढलेले, कोपर बाहेर फेकलेले. मान वाचवायला गेलो आणि खांद्यांवर संकट आणलं. महिन्याभरात तिथल्या वेल्डरनं टेबलाचे पाय कापले.

तेव्हापासून माझी एकच सवय: जो माणूस तिथे काम करतो त्याचंच माप, तो कामावर घालतो त्याच चपला-बुटांत, आणि तेही हात जिथे चालतात तिथून. सरासरी हा शब्द रिपोर्टात दिसला की मी पेन उचलतो. अमेरिकन हवाई दलात गिल्बर्ट डॅनियल्सनं 4,063 वैमानिकांची मापं तपासली होती. दहा मापं घेतली आणि प्रत्येकात मधला तीस टक्क्यांचा पट्टा 'सरासरी' धरला. दहाही मापांत त्या पट्ट्यात बसणारा एकही वैमानिक निघाला नाही. साधा नियम आहे: हात पोचायचा असेल तर बुटक्या माणसाकडे बघा, गुडघा किंवा डोकं मावायचं असेल तर उंच माणसाकडे. टेबलाची उंची दोन्हींत बसत नाही, म्हणून तिथे पायाला बोल्टनं वरखाली करायची सोय ठेवा. तक्ता लागलाच तर भारतीय मापांचा घ्या. एनआयडीनं, म्हणजे अहमदाबादच्या राष्ट्रीय डिझाइन संस्थेनं, 1997 मध्ये तो प्रसिद्ध केलाय. आणि प्रत्येक अवयवाचं 95 वं पर्सेंटाइल, म्हणजे शंभरातल्या 95 जणांचं माप ज्याच्या आत येतं तो आकडा, घेऊन बेरीज करू नका. असा माणूस जन्माला येत नाही.

"काही त्रास होतो का?"

सुपरवायझर शेजारी उभा. मुलगा इंग्रजी प्रश्नावलीचं भाषांतर वाचतो: "आपणास गेल्या बारा महिन्यांत मानेच्या भागात अस्वस्थता जाणवली काय?" कामगार म्हणतो, "नाही." रिपोर्टात लिहिलं जातं, 90 टक्के कामगार त्रासमुक्त. अस्वस्थता हा शब्द आपल्याकडे परीक्षेच्या आदल्या रात्रीसाठी आहे, खांद्यासाठी नाही. अवघडतं का, भरून येतं का, ठणकतं का, रात्री हाताला मुंग्या येतात का, घरी गेल्यावर कळशी उचलताना काय होतं, असं विचारा. चहाच्या सुट्टीत विचारा, सुपरवायझर नसताना, आणि लिहून घेणारा हात जरा मागे ठेवा. मी आधी स्वतःच्या पाठीचं रडगाणं गातो. मग समोरचा आपोआप बोलतो. शास्त्रीय पद्धत नाही ही, पण उत्तरं मिळतात.

एका फोटोवर रूला

रूला म्हणजे काम करताना मान, खांदे, हात कसे असतात ते बघून धोक्याचे गुण देण्याची पद्धत. मॅकॅटॅम्नी आणि कॉर्लेट यांनी 1993 मध्ये मांडली ती कागद-पेन्सिलनं जागेवर करायला. आता ॲप निघालंय, फोटो टाकला की आकडा येतो, आणि पोरं खूश. पण फोटो तिरका काढला की कोन खोटा येतो. अगदी बाजूनं, नव्वद अंशात उभं राहून काढा. डावा-उजवा हात वेगळा मोजा. एकाच स्थितीत मिनिटाहून जास्त काळ राहणं किंवा मिनिटाला चारपेक्षा जास्त वेळा तीच हालचाल, याचा एक गुण वाढतो. तो दहापैकी आठ रिपोर्टांत गायब असतो. आणि कुठला क्षण मोजायचा ते ठरवायला निदान वीस मिनिटं तिथे उभं राहून बघावं लागतं. पाय दुखतात, हो. कामगारांचेही दुखतात.

फौंड्रीत साचे उचलणाऱ्याला मात्र रूला लावू नका. तिथे सगळं शरीर कामाला लागतं, तिथे रेबा, म्हणजे सगळ्या शरीराला गुण देणारी तशीच पद्धत.

पोटापासून मोजलेलं अंतर

नायॉश या अमेरिकन सरकारी संस्थेचं, किती वजन उचलणं सुरक्षित ते काढायचं एक समीकरण आहे. त्यात 23 किलोपासून सुरुवात होते आणि आडवं अंतर मोजायचं ते दोन घोट्यांच्या मधल्या बिंदूपासून हातांच्या पकडीपर्यंत. मुलं मोजतात पोटापासून, नाहीतर टेबलाच्या कडेपासून. फरक बघा: बाकी सगळं आदर्श धरलं तर 25 सेंमीला मर्यादा येते 23 किलो, 50 सेंमीला 11.5. म्हणजे 15 किलोचं खोकं एका मापानं अगदी ठीक, दुसऱ्यानं मर्यादेबाहेर. शिवाय हे समीकरण दोन हातांनी उभ्यानं उचलण्याचं आहे. मार्केट यार्डात पाठीवर पोतं घेऊन चालणाऱ्या हमालाला ते लावून, दशांशचिन्हानंतर तीन आकडे देऊन, 'धोका गुणांक' काढलेला रिपोर्ट मी पाहिलाय. वाहून नेणं त्यात येतच नाही.

बाकीच्या चुका एकेका ओळीच्या.

उपाय म्हणून 'कामगारांना प्रशिक्षण द्यावे' लिहायचं असेल, तर आधी वजन, उंची, अंतर यांतलं काहीतरी बदलून दाखवा.

'अर्गोनॉमिक खुर्ची' असा शिक्का असलेली खुर्ची विकत घेणं हा प्रोजेक्ट नव्हे, खरेदी आहे.

फक्त सकाळी अकराला जाऊन येऊ नका. पाळी संपायच्या शेवटच्या तासात तोच माणूस वेगळा वाकतो. त्यासाठी कॉलेजच्या परवानगीपत्रावर सुरुवातीलाच 'तिन्ही पाळ्या' असं लिहून घ्या, नाहीतर रात्री गेटवरचा सिक्युरिटीवाला आत सोडत नाही.