मागच्या शॉकअपच्या बोल्टचे आटे गेले तर

बोल्ट नुसताच फिरतोय, आवळत नाही? मग जाडा बोल्ट ठोकून बसवू नका आणि एम-सील तर अजिबात भरू नका. ही जागा चाकाचे धक्के झेलते.

गाडी घोडीवर (जॅक स्टँडवर) घ्या, नुसत्या जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात घालू नका. आधी जुन्या बोल्टचा पिच, म्हणजे दोन आट्यांमधलं अंतर, पिच गेजने तपासा. १० मिमीच्या बोल्टला १.२५ आणि १.५ असे दोन्ही पिच असतात, आणि इथेच बहुतेक जण चुकतात. भोकातले सुरुवातीचे एक-दोनच आटे दबले असतील तर तेल लावून हाताने टॅप (आटे पाडायचं हत्यार) फिरवला तरी भागतं. पूर्ण गेले असतील तर हेलिकॉइल, म्हणजे भोकात नवे आटे देणारी तारेची स्प्रिंग. किटमधल्याच मापाचं ड्रिल सरळ धरून मारा, त्याचाच टॅप वापरा. अर्धा फेरा पुढे, पाव मागे, म्हणजे कीस तुटतो. भोक स्वच्छ करून स्प्रिंग कडेपासून पाव-अर्धा फेरा आत बसवा, तिची शेपटी तोडून बाहेर काढा. बोल्ट नवाच घ्या, टॉर्क पान्याने कंपनीच्या मापावर आवळा.

बॉडीला वेल्ड केलेला नट गंजून पातळ झाला असेल, तर मात्र हेलिकॉइल नको. चांगल्या वेल्डरकडून नटच बदलून घ्या.