टर्मिनलवरून मेल: मट आधी कोरा ठेवा, मग एकेक सोय जोडा

भाषांतराच्या कामात माझा अर्धा दिवस मेलमध्येच जातो. सदाशिव पेठेतल्या ऑफिसात जुना लॅपटॉप आहे. त्यावर ब्राउझर रांगतो, पण टर्मिनलमधला (म्हणजे कमांड टाइप करायच्या, नुसत्या अक्षरांच्या खिडकीतला) मट हा मेल प्रोग्राम झटकन उघडतो. सुरुवातीला मी इंटरनेटवरून कुणाचीतरी तीनशे ओळींची कॉन्फिग फाइल, म्हणजे मटने कसं चालावं हे सांगणारी फाइल, जशीच्या तशी उचलली. तिच्यात 'आर' आणि 'जी' या कळांची अदलाबदल केलेली होती. मटमध्ये 'आर' म्हणजे फक्त पाठवणाऱ्याला उत्तर, 'जी' म्हणजे सगळ्यांना. एका प्रकाशकाला कळवायचे माझे दर त्या मेलमधल्या सगळ्यांकडे गेले. तेव्हापासून जी ओळ मला समजत नाही, ती मी फाइलीत ठेवत नाही.

पायरी १: कोरा मट बसवा. उबुंटूवर मटचं पॅकेज तयार मिळतं. कॉन्फिग फाइलीत एवढंच लिहा: तुमचं नाव आणि पत्ता, मेल आणणारा आयमॅप सर्व्हर (पोर्ट ९९३), मेल पाठवणारा एसएमटीपी सर्व्हर (४६५ किंवा ५८७) आणि आवडता एडिटर. जीमेलला नेहमीचा पासवर्ड चालत नाही. टू-स्टेप व्हेरिफिकेशन चालू करून ॲप पासवर्ड काढा. तो फाइलीत उघडा लिहू नका. जीपीजी या कूटबद्ध करणाऱ्या प्रोग्रामने कुलूपबंद केलेल्या फाइलीतून तो मटला वाचता येतो. मराठी जोडाक्षरं काही टर्मिनलमध्ये तुटतात, म्हणून दोन-तीन टर्मिनल आधीच वापरून बघा.

पायरी २: दोन आठवडे काहीही जोडू नका. शेजारी वही ठेवा आणि अडलं की टिपा. तीच अडचण तिसऱ्यांदा आली, तरच सोय जोडायची. मला वाटत होतं फोल्डरांच्या साइडबारशिवाय चालणारच नाही. वहीत तो एकदाच आला, कारण 'सी' दाबून फोल्डर बदलायची सवय झाली होती.

पायरी ३: आधी मटमध्येच शोधा, मग बाहेर. माझ्या वहीत सगळ्यात वर होतं: 'फाइल जोडायची राहिली'. यासाठी मटमध्ये 'अबॉर्ट-नो-अटॅच' नावाची सोय आहे, पण ती मुळात बंद असते. ती 'आस्क-येस'वर ठेवली की पाठवण्याआधी मट थांबून विचारतो. आता खरी गोम. मजकुरात मट जो शब्द शोधतो, तो इंग्रजी 'अटॅच' असतो. आपण लिहितो 'सोबत जोडत आहे'. म्हणून याच सोयीच्या जोडीला असलेल्या 'रेजेक्स'च्या (शोधायच्या शब्दांच्या साच्याच्या) ओळीत 'जोड' आणि 'सोबत' हे शब्द स्वतः घालावे लागतात. दोन ओळींचं काम, आणि माझ्यासाठी सगळ्यात मोलाचं.

जुन्या मेलमधला मजकूर शोधणं जड जातं. 'एल' दाबून, शब्दाआधी '~b' लिहून मजकुरात शोध घेता येतो, पण आयमॅपवर मट त्यासाठी एकेक मेल खाली उतरवत बसतो. उपाय बाहेर आहे: एमबीसिंक या प्रोग्रामने मेलची प्रत लॅपटॉपवर आणायची आणि नॉटमच या दुसऱ्या प्रोग्रामने तिची सूची करायची. शोध क्षणात होतो, वीज गेली, वाय-फाय बंद पडलं तरी मेल वाचता येतात. पण आणखी दोन प्रोग्राम आणि त्यांच्या दोन कॉन्फिग फाइली सांभाळाव्या लागतात. जुने दर आणि जुन्या संज्ञा रोज शोधाव्या लागत असतील तरच या वाटेला जा. नाहीतर कधीमधी थांबणं परवडतं.

एचटीएमएल (वेबपानासारखी सजवलेली) मेल वाचायला डब्ल्यूथ्रीएम हा टर्मिनलमधला ब्राउझर पुरतो.

पायरी ४: प्रत्येक ओळीवर तारीख घाला. हॅशचं (#) चिन्ह टाकून वर लिहा, म्हणजे मट ती ओळ सोडून देतो: कधी जोडली, कशासाठी. दिवाळीच्या आवराआवरीत मी ही फाइलही काढते आणि वर्षभरात कामी न आलेल्या ओळी पुसते.

काही बिघडलंच, तर लहान 'एन' (-n) आणि कॅपिटल 'एफ' (-F) हे पर्याय देऊन रिकाम्या फाइलीवर मट उघडा. तिथे कळा नीट चालल्या, तर दोष तुमच्या ओळींत आहे. सगळ्यात अलीकडच्या तारखेपासून एकेक ओळ बंद करत मागे या.